खात्री होण्याआधीचा शब्द

काल दुपारच्या प्रयोगात लोक हसले ते माझ्यामुळे, आणि आमचं नाटक हसायचं नाही. तिसऱ्या अंकात मुलगी बापाला विचारते, "त्या दिवशी मी इतका वेळ दार वाजवत होते, तुम्ही कुठे होतात?" आणि बाप म्हणतो, "मी घरातच होतो." बस्स, एवढंच उत्तर. दोन अंक लोकांना या तीन शब्दांसाठी बसवून ठेवलेलं असतं. काल मुलीनं विचारलं आणि बाप बोलेना. मी नेहमीसारखी उजव्या विंगेत, स्टुलावर, मांडीवर संहिता उघडी. बाप बोलेना म्हणून मी शब्द दिला. नाट्यगृह इतकं चिडीचूप होतं की बापानं द्यायचं उत्तर एका पोक्त बाईच्या आवाजात पुढच्या रांगांना स्वच्छ ऐकू गेलं. कुणीतरी फिसकन हसलं, त्याच्या शेजारणीनं त्याला दटावलं, आणि दटावता दटावता तीही हसली. मग बाप त्याच्या वेळेला, त्याच्या सुरात म्हणाला, "मी घरातच होतो." यावर तर मागच्या रांगाही हसल्या. पडदा पडल्यावर राजे माझ्यासमोरून गेले. थांबले नाहीत, मान वळवली नाही, फक्त म्हणाले, "पॉज होता तो."

राजे म्हणजे बापाचं काम करणारे आमचे मुख्य नट. अगदी पहिल्या नाटकात त्यांनी राजा केला होता. पुढे जन्मभर कारकून, मास्तर, डॉक्टर आणि बाप केले, पण नाव चिकटलं ते चिकटलं, आणि नावाबरोबर चालही. मला मंडळीत सगळे आत्या म्हणतात, राजे तेवढे बाई म्हणतात. माझं काम प्रॉम्प्टरचं. नट विसरला तर विंगेतून त्याला पुढचा शब्द द्यायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय, पुस्तकात बघून तर वाचायचं. वाचणं कुणालाही येतं. कुजबुजायचं नाही हेसुद्धा शिकवता येतं, कारण कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत जाते. नटाच्याच पट्टीत, त्याहून थोडं खाली, ओठ जेमतेम हलवून बोलायचं. शिकवता येत नाही ते वेगळंच. नट विसरलाय हे त्याचं त्याला उमगायच्या आत शब्द त्याच्या कानावर पडायला हवा. एकदा का त्याला उमगलं, की त्याच्या मानेला घाम फुटतो, कानात नुसतं घूं घूं सुरू होतं, मग तुम्ही त्याला आख्खं पान मोठ्यानं वाचून दाखवा, काही उपयोग नाही. म्हणजे मला खात्री पटते तेव्हा माझा शब्द वरातीमागून घोडं. आणि त्याचा उपयोग असतो तेव्हा माझी खात्री नसते. गप्प उभा असलेला माणूस विसरलाय की थांबलाय, हे मला त्याच्या पाठीवरून, टाचेवरून, श्वासावरून ठरवायचं असतं, आणि ठरवायला वेळ किती, तर एक पापणी लवेल इतका. आमच्या धंद्यात या कामाला मान नाही, टाळ्या तर नाहीतच, पण मला विचाराल तर रंगमंचावर जे काही चालतं त्यात सगळ्यात अवघड काम हेच आहे. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. दाखवते कधीकधी.

ही विद्या मला मावशीनं दिली. मावशी, म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, माझ्याआधी याच विंगेत बसायची. आई शिवणाच्या कारखान्यात जाई तेव्हा मी मावशीकडे असे, आणि मावशीकडे एक खेळ असे. ती स्वयंपाकघरात काम करता करता काहीतरी सांगत असायची, भाजीवाल्याची तक्रार, वरच्या मजल्यावरच्यांचं भांडण, आणि मधेच थांबायची. डाव हवेत, तोंड अर्धवट उघडं. मग नजर माझ्याकडे न वळवता विचारायची, "विसरले की थांबले?" मी म्हणायची, विसरलीस. किंवा म्हणायची, थांबलीस. बरोबर की चूक हे ती कधीच लगेच सांगायची नाही. ती विचारायची, "कशावरून?" मी म्हणायची, तुझा डाव थोडा खाली आला. किंवा, तू शेवटचा शब्द ओढलास. किंवा, तुझे खांदे वर गेले, आणि मुद्दाम थांबणाऱ्याचे खांदे वर जात नाहीत. कारण पटलं तर ती फडताळातल्या बरणीतून मला एक बेदाणा द्यायची. उत्तर चुकलेलं असलं तरी द्यायची. आणि उत्तर बरोबर असूनही मला कशावरून ते सांगता आलं नाही, तर बरणीचं झाकण उघडायचं नाही. आई एकदा हे सगळं दारातून बघत होती. ती म्हणाली, अगं, चुकीच्या उत्तराला खाऊ देतेस, पोरगी बिघडेल. मावशी म्हणाली, उत्तर काय, ते कावळा बसायला आणि फांदी मोडायला. मी हिचं डोकं बघतेय. आईला ते पटलं नाही. मलाही तेव्हा पटलं नव्हतं. मला वाटायचं, मावशी बेदाणे वाचवते. पण मला अजून आठवतं, चुकलेल्या उत्तराचा बेदाणा जास्त वेळ तोंडात राहायचा, कारण तो कसा मिळाला याचा मी विचार करत असायची, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात मावशीच्या पाठीवरची वेणी हलायची, आणि तीही मला काहीतरी सांगत असेल असं समजून मी तिच्याकडे बघत राहायची.

आज सकाळी चहाला आमच्या ह्यांनी तो विषय काढलाच. हे नकाशे काढणाऱ्या कार्यालयात होते. ह्यांना रस्ता कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते आधी माहीत असावं लागतं. चपलांच्या दुकानात हे एक जोड घेण्यासाठी सगळं दुकान खाली काढायला लावतात आणि शेवटी म्हणतात, पुढच्या वेळी बघू. ह्यांचं म्हणणं, माफी मागून टाक, दोन गोड शब्द बोल, राजे मोठे आहेत, विसरतील. मी म्हटलं, राजे विसरतात म्हणून तर मला पगार आहे. हे म्हणाले, पडलीस तरी नाक वर. नाक वर होतं हे खरं होतं, पडले होते की नाही एवढाच प्रश्न होता. पण धुताना मी एकच कप दोनदा विसळला. रात्री झोपेतही मला तो हशा ऐकू आला होता, आणि तो आधी एकट्याचा, मग शेजारणीचा, मग सगळ्यांचा, असा त्याच क्रमानं पुन्हा पुन्हा येत होता. मला लाज वाटली होती. ती मी नाकारत नाही. लाज वाटणं आणि चूक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवायला फार ताकद लागते, हे मला सकाळी त्या मोरीपाशी कळत होतं.

लेक विमा कंपनीत आहे. लोकांच्या घरांना आग लागेल की नाही याचा हिशेब ती दिवसभर करते आणि घरी येऊन गॅस बंद केलाय का ते विचारते. ती ऑफिसला निघता निघता पायात बूट चढवत म्हणाली, "आई, शब्द दिलास तेव्हा किती खात्री होती तुला?" मी म्हटलं, होती. ती म्हणाली, "होती असं नाही. आकड्यात सांग." मी डोळे मिटले आणि कालच्या त्या क्षणात परत गेले. राजे आदल्या आठवड्यात दोन जागी अडखळले होते. काल त्यांना खोकला होता. त्यांचा डावा अंगठा तर्जनीवर घासत होता, आणि तो भूमिकेतल्या बापाचा नाही, त्यांचा स्वतःचा चाळा. पाठीतला बाप उतरला होता आणि नुसते राजे उभे होते. दुसऱ्या बाजूनं म्हणावं तर श्वास खाली होता, खोल होता. हे सगळं धरून मी म्हटलं, दहात सात. "मग दहात तीनदा तू चुकणारच ना," ती म्हणाली. "काल त्या तिनांतली एक वेळ आली." मग तिनं विचारलं की उगाच शब्द दिला तर काय बुडतं, आणि द्यायचा तेव्हा दिला नाही तर काय बुडतं. मी सांगितलं, उगाच दिला तर हशा होतो, माझी नाचक्की होते, राजे दोन दिवस बोलत नाहीत. न दिला तर नट भर नाट्यगृहात कोरडा पडतो. असा एक जण आमच्याकडे पडला होता, माझ्याआधीच्या काळात, चांगला उमदा नट. नंतर तो विंगेपर्यंत यायचा आणि पाय पुढे टाकायचा नाही. आता त्याचं भिंतीच्या रंगांचं दुकान आहे, आणि तो गिऱ्हाइकाशीसुद्धा मोजकंच बोलतो. लेकीनं बुटाची नाडी बांधली आणि म्हणाली, "मग सात कशाला लागतात? दहात चार असले तरी द्यायचा." आणि गेली. तिचा मला इतका अभिमान वाटला की दार लावायचं राहून गेलं. आकडा लावायची ही गोष्ट मी कधी केली नव्हती. मावशीनं 'कशावरून' शिकवलं, 'किती' शिकवलं नव्हतं. आकडा आधी मनाशी बोलून ठेवला की नंतर स्वतःला फसवता येत नाही. मला माहीतच होतं, असं म्हणायची सोय राहत नाही, आणि मला काहीच कळत नाही, असं म्हणून रडायचीही.

दुपारी नाट्यगृहावर गेले तर दिग्दर्शकानं निरोप ठेवलेला, आधी मला भेटा. हा पोरगेलासा आहे, हुशार आहे, आणि त्याचा माझ्यावर जीव आहे. म्हणून तर त्याला सगळं अवघड जात होतं. त्याच्या छोट्या खोलीत त्यानं स्वतः उठून मला खुर्ची दिली, तेव्हाच मी ओळखलं की आता काहीतरी काढून घेणार. आधी तो माझ्या कानांबद्दल, माझ्या निष्ठेबद्दल खूप बोलला. मग म्हणाला, एक साधा नियम करू. राजेंनी वळून विंगेकडे बघितलं तरच शब्द द्यायचा. बघितलं नाही तर नाही द्यायचा. म्हणजे कुणाला शंकाच नको. नियम ऐकायला फार सुरेख होता. नियमात शंका नव्हती हे खरं, पण शंका कुठे जाते, ती राजेंच्या छातीत जाऊन बसते, आणि राजे जन्मात विंगेकडे बघणार नाहीत. मी त्याला म्हटलं, अरे, काल पडदा पडल्यावर ते माझ्याकडे वळले नाहीत, चालत्या नाटकात वळतील? तो म्हणाला, मग दुसरा उपाय आहे. एक बारीकसं यंत्र येतं, कानाच्या आत बसतं, बाहेरून दिसत नाही, मागे बसलेला ध्वनीवाला त्यातून ओळ सांगतो, प्रेक्षकांना ऐकू जायचा प्रश्नच नाही. राजेंना ते पटवायचं काम माझं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ही तर थेट कानातच चालली होती. तो ध्वनीवाला भला माणूस आहे, पण तो काचेमागे बसतो; त्याला राजेंचा श्वास दिसणार कुठून. दिग्दर्शकानं मला विचारलं, नियम पाळाल ना? मी म्हटलं, "नाही जमणार." तो बराच वेळ टेबलावरचं पेन फिरवत राहिला. त्याचंही चूक नव्हतं, लोक तिकीट काढून येतात ते माझा आवाज ऐकायला नाही. शेवटी तो म्हणाला, आजचा प्रयोग मी समोर बसून बघतो. आज परत तसं काही झालं तर उद्यापासून यंत्र, आणि तुम्ही समोर, पहिल्या रांगेत, सन्मानानं. त्यातला सन्मान हा शब्द त्यानं जरा चाचरत म्हटला.

पहिला अंक मी कसा बसून काढला ते माझं मला ठाऊक. माझी विंग म्हणजे काय, दोन काळे पडदे, मधे जेमतेम एका स्टुलाची जागा, डोक्यावर दोरखंड, लाकडाला वर्षानुवर्षं लागलेला धुळीचा आणि पावडरीचा वास. तिथे मला माझ्या घरापेक्षा जास्त घरच्यासारखं वाटतं. आज मात्र स्टूल टोचत होतं. राजेंनी साधा आवंढा गिळला तरी मला वाटायचं, विसरले. लगेच वाटायचं, गप्प बस, परत हसतील. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी मी प्रत्येक वाक्य फुंकत बसले होते. भीतीची गंमत अशी की ती स्वतःचं नाव भीती असं सांगत नाही. ती म्हणते, मी सावधपणा, मी शहाणपणा, मी तुझ्या भल्याचं सांगते. तिला मी ओळखलं, तर दुसऱ्या बाजूनं खुमखुमी उठली: आज एक शब्द असा देते की दिग्दर्शकाची बोलतीच बंद करते. तीही तेवढीच खोटी. दोघी कालच्या होत्या. आजच्या श्वासाला कालच्या हशाचं काय देणंघेणं? मी संहितेच्या पानावर तळहात दाबून धरला, कागद गार होता, आणि स्वतःला विचारत राहिले, कशावरून, कशावरून. हळूहळू कान जागेवर आले. अंक संपायच्या सुमाराला राजे खिडकीशी लांबलचक थांबले, आणि मला मुळीच शंका आली नाही. टाच रोवलेली, मान सैल, माणूस भूमिकेत पाय पसरून बसलेला. दहात एकसुद्धा नाही. मी गप्प राहिले आणि ते गप्प राहणं मला गोड लागलं.

दुसऱ्या अंकात बाप टेबलाशी बसून मुलीला तिच्या लहानपणची गोष्ट सांगतो. ती तापानं फणफणली होती, बाहेर वादळ होतं, डॉक्टरकडे न्यायला गाडी मिळत नव्हती. मग वाक्य आहे, "तुझी आई म्हणाली, सकाळपर्यंत थांबू." इथून नाटक वळतं, कारण ते थांबणं बरोबर होतं की नाही यावर बापानं पुढचा सगळा जन्म घालवलेला असतो. राजे म्हणाले, "बाहेर वादळ. गाडी मिळेना." मग थोड्या खालच्या आवाजात पुन्हा म्हणाले, "मिळेना." हा दुसरा मिळेना संहितेत नाही. पण राजे कधीकधी शब्द दुहेरी करतात, ती त्यांची लकब आहे. चेहरा शांत होता. हात शांत होते, अंगठ्याचा चाळा नव्हता. समोर नेहमीसारखाच दुःखी बाप बसला होता. फक्त श्वास आत गेला तो छातीच्या वरच थांबला आणि सदऱ्याची कॉलर किंचित उचलली गेली. एवढंच. मी मनाशी आकडा बोलले: सहा. कालच्यापेक्षा कमी. काल सात असून तोंडघशी पडले होते, आज सहा, आणि समोर तिसऱ्या रांगेत दिग्दर्शक. आतून कुणीतरी म्हणत होतं, अजून थोडं थांब, अजून थोडं बघ, खात्री कर. आमचे हे चपलांच्या दुकानात उभे असलेले मला दिसले. मुलीचं काम करणारी पोर नवी आहे, ती राजेंना सावरू शकणार नाही. ती विस्फारल्या डोळ्यांनी वाट बघत होती. मी दोन शब्द दिले. "तुझी आई." त्यांच्या पट्टीत, त्याहून थोडं खाली, ओठ न हलवता. आणि राजे म्हणाले, "तुझी आई म्हणाली, सकाळपर्यंत थांबू."

ते इतक्या मायेनं म्हणाले की पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पिशवीतून रुमाल काढला. कुणी हसलं नाही. कुणी वळून बघितलं नाही. दिग्दर्शक हनुवटीला हात लावून तसाच बसलेला. आणि खरं सांगायचं तर मलाही काही कळलं नाही. राजेंनी माझा शब्द उचलला, की तो त्यांचा त्यांनाच आला आणि माझा वाया गेला, हे कळायला काही मार्ग नव्हता. विसरले नसतीलही. दहात चार वेळा ते विसरलेले नसणार, हा हिशेब मीच तर लावला होता. तरी माझी पाठ आपोआप ताठ झाली. काळ्या पडद्यांच्या मधे, कुणीही बघत नसताना, मला स्वतःबद्दल असा अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. लोक हसले असते तरी तो वाटला असता का, असं मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर आलं, वाटला असता, पण उशिरा, घरी गेल्यावर. तेवढी मी माणूस आहे.

तिसऱ्या अंकात काय झालं ते सांगते. मुलीनं विचारलं, "तुम्ही कुठे होतात?" मी मुद्दाम ओठ मिटून घेतले. आता इथे पॉज आहे हे मला माहीत झालं होतं. राजेंनी खुशाल हवं तेवढं थांबावं, मी श्वाससुद्धा घेणार नव्हते. आणि राजेंनी प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर दिलं. धडकन. "मी घरातच होतो." जणू बाप कित्येक वर्षं हे बोलायला टपूनच बसला होता. नाट्यगृह असं गप्प झालं की वरच्या पंख्याची कुरकुर ऐकू आली. काल ज्या जागेपायी माझी बेअब्रू झाली, ती जागा या गृहस्थानं आज मोडीत काढली होती. मला हसू आलं. या माणसाचा मला रागही आला, आणि इतकी वर्षं ज्याच्या पाठीकडे बघत बसावं असा नट मला मिळाला याचं बरंही वाटलं.

प्रयोगानंतर रंगपटात सगळे जमले होते. नवी पोर केसांतल्या पिना काढत होती, राजे आरशासमोर बसून कापसानं गालावरचा रंग पुसत होते. दिग्दर्शक आत आला तो दोन्ही हात पसरूनच. आत्या, म्हणाला, बघा, आज तुम्ही एक शब्द दिला नाहीत आणि प्रयोग कुठच्या कुठे गेला. मग सगळ्यांकडे वळून म्हणाला, मी माझे शब्द मागे घेतो, यंत्रबिंत्र काही नको. राजेंना आठवण करून द्यायची गरजच नाही हे आज सिद्ध झालं. आता आत्यांनी उद्यापासून समोर बसून नाटक बघावं, इतक्या वर्षांत त्यांनी ते समोरून कधी बघितलंच नाही. नव्या पोरीनं टाळ्या वाजवल्या, तिचं पाहून बाकीच्यांनीही. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्या तोंडातली चव गेली. मी शब्द इतका चांगला दिला होता की तो दिलाच नाही असं ठरलं, आणि त्यावरून मी तिथे नसले तरी चालतं असंही ठरलं.

मी बोलू शकत होते. दुसरा अंक, गाडी मिळेना, तुझी आई. दोन वाक्यांचं काम. राजे विसरले होते, तर सगळ्यांसमोर त्यांची झाकली मूठ मी उघडणार. विसरले नव्हते, तर ते म्हणतील, मला गरज नव्हती, आणि मी जागा टिकवायला थापा मारणारी बाई ठरणार. आणि त्यांचा हात थांबला होता. कापूस गालावर, डोळे आरशात, स्वतःकडे नाही, आरशाच्या कडेवर कुठेतरी. राजेंचा असा थांबलेला हात मी हजार वेळा बघितलाय, पण दिव्यात, भूमिकेत, पुढचं वाक्य माझ्या मांडीवर उघडं असताना. इथलं वाक्य कुणीच लिहिलेलं नव्हतं. हे बोलतील का? दहात तीन, फार तर चार. हा माणूस आपलं विसरणं कधी कुणाजवळ बोललेला नाही. आकडा लहान होता आणि माझी विंग त्यावर टांगलेली होती. तरीही तो शब्द माझा नव्हता. द्यायचा शब्द माझा असतो, कबूल करायचा ज्याचा त्याचा. मी हाताची घडी घातली आणि थांबले. ते बोलले नसते तरी माझं थांबणं बरोबरच राहिलं असतं, हे मी त्याच वेळी, ते बोलायच्या आत, मनाशी म्हणून ठेवलं. टाळ्या संपल्या. कुणीतरी खुर्ची सरकवली.

"दुसऱ्या अंकात मी विसरलो," राजे म्हणाले. आवाज अगदी साधा, एखाद्याला पत्ता सांगावा तसा. "गाडी मिळेना, आणि पुढे काहीच नाही. कोरं. बाईंनी दिला."

दिग्दर्शक म्हणाला, पण मी तिसऱ्या रांगेत होतो, मला काहीच ऐकू आलं नाही. राजेंनी कापूस टेबलावर ठेवला.

"तुला ऐकू यायला दिलाच नव्हता त्यांनी. काल विसरलो नव्हतो, आज विसरलो. होईपर्यंत माझं मला कळत नाही, मग त्यांना काय खात्री असणार? तरी त्या देतात. ती जागा त्यांची आहे. ती तशीच राहू दे."

नव्या पोरीनं हातातल्या पिना उगाच मोजायला घेतल्या. दिग्दर्शक माझ्याकडे बघत राहिला, मग मान खाली घालून म्हणाला, चालेल, आणि बाहेर जाऊन परत आत आला, कारण त्याला बाहेर काही काम नव्हतं. मला खूप काही वाटत होतं. राजेंच्या पाया पडावं असं वाटत होतं आणि त्यांना चार शब्द सुनवावेत असंही. दुसरं मला जास्त जमतं. मी आरशाजवळ गेले आणि म्हटलं, "पुढच्या वेळी नवा पॉज घ्यायचा असला तर मला आधी सांगत जा."

"सांगितलं तर तो पॉज राहत नाही, बाई," राजे म्हणाले. ते आता माझ्याकडे बघत होते, आरशातून नाही, खुर्ची वळवून. "तुम्हाला माहीत असलं की तुम्ही निवांत बसता. ते मला पाठीला कळतं. तुमचा जीव टांगणीला लागलेला असतो ना, त्यावर मी उभा असतो."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मावशीनंही नाही. मी जन्मभर त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि ती पाठ जन्मभर माझ्याकडे.

"मग मला वाटलं तर मी शब्द देणार," मी म्हटलं. "लोक हसले तरी देणार."

"द्या," राजे म्हणाले.